दोन लिटर पेट्रोल आणि अख्खं आकाश: पॅरामोटरच्या इंधन-स्पर्धेचं गणित चंद्रपूर-गडचिरोलीत जुळेल का?

मैदानावर पायलट रांगेत उभे आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर लहानसं इंजिन आणि पंखा, मागे जमिनीवर अंथरलेलं रंगीत कापडी पंख. सगळ्यांच्या टाक्या आधी रिकाम्या केल्या आहेत. मग पंच प्रत्येकाला मोजून सारखंच पेट्रोल देतात, टाकीवर सील लावतात आणि म्हणतात, आता उडा. जो सगळ्यात जास्त वेळ हवेत राहून याच मैदानावर परत उतरेल, तो जिंकला.

यात वेगाची शर्यत नाही, उंचीची नाही आणि कसरतींचीही नाही. कुणी पाऊण तासात परत येतो, कुणी तेवढ्याच पेट्रोलवर दोन-अडीच तास काढतो. इंजिनं साधारण सारखी आणि पेट्रोलही सारखंच, तरी हा फरक पडतो.

हा पॅरामोटर स्पर्धांमधला इंधन-मर्यादेचा टप्पा. जगभर याला 'इकॉनॉमी टास्क' म्हणतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यात पॅरामोटरचं नाव आहे. दुसरीकडे 'नक्षलग्रस्त' ही ओळख मागे टाकून पर्यटनाच्या नकाशावर येण्याची भाषा गडचिरोलीत सुरू आहे. त्यामुळे प्रश्न पडतो की असा खेळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशात येऊ शकतो का? आणि आला तर त्याची किंमत कोण मोजणार?

त्यासाठी आधी गणित समजून घ्यावं लागेल, कारण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

पॅरामोटर म्हणजे नेमकं काय?

पॅराग्लायडिंग आता बहुतेकांना माहीत आहे. पुण्याजवळ कामशेतला सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून उडी मारून कापडी पंखाखाली तरंगणारी माणसं दिसतात. त्यात इंजिन नसतं. डोंगराचा उतार आणि वारा यांवरच सगळं चालतं.

त्याच पायलटच्या पाठीवर वीस-तीस किलोचं इंजिन आणि पंखा बांधला की झाला पॅरामोटर. मग डोंगर लागत नाही. सपाट मैदानावर चार पावलं पळून उडता येतं. इंग्लंडच्या माइक बर्न यांनी १९८० च्या सुमारास या प्रकारचे प्रयोग केले आणि पुढे फ्रान्समध्ये त्याचा प्रसार झाला. बहुतेक इंजिनं टू-स्ट्रोक असतात, म्हणजे जुन्या स्कूटरसारखी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. टाकी साधारण दहा ते चौदा लिटरची.

जागतिक हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, या खेळाच्या जागतिक स्पर्धा भरवतो. २०१६ ची स्पर्धा इंग्लंडमध्ये पॉपहॅमला झाली, २०१८ ची थायलंडमध्ये. भारतात या महासंघाचं सदस्यत्व एरो क्लब ऑफ इंडियाकडे आहे.

या स्पर्धांमध्ये तीन प्रकारचे टप्पे असतात. पहिला दिशाशोधनाचा, म्हणजे नकाशा वाचत ठरलेल्या खुणा गाठायच्या. दुसरा अचूकतेचा, म्हणजे खांबांमधून वळणं घ्यायची किंवा इंजिन बंद करून नेमक्या जागी उतरायचं. आणि तिसरा इंधनाचा.

इंधनाच्या टप्प्याचेही उपप्रकार आहेत. कधी फक्त जास्त वेळ हवेत राहायचं असतं, कधी तेवढ्या पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर कापायचं असतं, तर कधी ठरलेल्या मार्गावरून जाऊन परत यायचं असतं. पायलटजवळच्या जीपीएस यंत्रावर सगळं उड्डाण नोंदलं जातं. पेट्रोल संपून मैदानाबाहेर उतरावं लागलं तर गुण जातात. म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत ताणायचं, पण परतीपुरती उंची हातात ठेवायची. सगळा कस इथे लागतो.

पेट्रोल जातं कुठे?

एक साधा हिशेब करू. पायलट ७५ किलोचा, इंजिन २५ किलोचं, पंख आणि बाकीचं सामान १० किलोचं. एकूण ११० किलो.

इंजिन बंद केलं तर असा पंख दर सेकंदाला साधारण १.३ मीटर खाली येतो आणि तेवढ्याच वेळात १० मीटर पुढे जातो. म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा वेग. आता त्याच उंचीवर टिकून राहायचं असेल, तर हे १.३ मीटर दर सेकंदाला 'परत चढावे' लागतात. ११० किलोचं ओझं घेऊन दर सेकंदाला सव्वा मीटर जिना चढण्यासारखंच हे काम. त्याला साधारण १.४ किलोवॅट ताकद लागते, म्हणजे दोन हॉर्सपॉवरपेक्षाही थोडी कमी.

इथपर्यंत स्वस्तात मस्त वाटतं. पण पंखा फिरवताना निम्मी ताकद हवा घुसळण्यात वाया जाते, त्यामुळे इंजिनाला २.८ किलोवॅट द्यावे लागतात. आणि टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम सहावा-सातवा भागच कामाला लावतं. बाकीची उष्णता होऊन धुरातून निघून जाते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. त्यातली सव्वा-दीड युनिट पंख्यापर्यंत पोचते.

सगळं जुळवलं तर उत्तर येतं तासाला साधारण दोन लिटर. रोजच्या उडण्यात टेकऑफ, चढण आणि हौस धरून तीन-चार लिटर सहज जातात. पण अगदी जपून, एकाच उंचीवर उडलं तर दोन लिटरवर एक तास, आणि वारा नसेल तर एका तासात ३६ किलोमीटर.

मग काही जण तेवढ्याच पेट्रोलवर दोन-अडीच तास कसे काढतात?

गिधाडांची युक्ती

याचं उत्तर गडचिरोलीच्या कुठल्याही गावात उन्हाळ्याच्या दुपारी मान वर करून बघितलं तर दिसतं. घार किंवा गिधाड तासन् तास घिरट्या घालत असतं, पण पंख फडफडवताना दिसत नाही.

ऊन पडलं की नांगरलेलं शेत, खडकाळ माळ, गावातली पत्र्याची छपरं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जास्त तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होऊन वर उठते. या झोताला पायलटांच्या भाषेत 'थर्मल' म्हणतात. त्यात शिरून गोल गोल फिरत राहिलं की फुकटात उंची मिळते.

पुन्हा आकडे बघू. झोत सेकंदाला अडीच मीटरने वर जात असेल आणि पंख १.३ मीटरने खाली येत असेल, तर पायलट सेकंदाला १.२ मीटर वर चढतो. पाच मिनिटांत ३६० मीटर. इंजिन मात्र बंद. मग झोताबाहेर पडून ती उंची हळूहळू खर्च करायला आणखी साडेचार मिनिटं मिळतात. एका झोतात नऊ-साडेनऊ मिनिटं, म्हणजे जवळपास तीनशे मिलिलिटर पेट्रोलची बचत. असे सहा-सात झोत सापडले की दोन लिटरचे चार झाले.

थोडक्यात, इकॉनॉमी टास्क इंजिनापेक्षा हवा वाचण्याची स्पर्धा आहे. चांगला पायलट सामान हलकं ठेवतो, पंखाचा सगळ्यात किफायतशीर वेग धरतो, उगाच चढत नाही, आणि घार दिसली की तिकडे वळतो.

पण यात एक मेख आहे. पेट्रोल वाचवायचं तर इंजिन हवेतच बंद करावं लागतं, आणि ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. म्हणून जाणता पायलट इंजिन सुरू असतानाही असंच उडतो, की जणू ते पुढच्या क्षणी बंद पडणार आहे. खाली उतरायला मोकळी जागा कायम आवाक्यात ठेवायची, हा या खेळातला पहिला नियम.

विक्रम काय सांगतात?

एप्रिल २००७ मध्ये स्पेनचा रॅमॉन मोरिल्यास हेरेस दे ला फ्रॉन्तेराहून निघून समुद्रावरून कॅनरी बेटांमधल्या लान्झारोतेला पोचला. न उतरता १,१०५ किलोमीटर. चेक प्रजासत्ताकाच्या मिरोस्लाव्ह ओरोसने २०११ मध्ये तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने ९,१३२ किलोमीटर उड्डाण केलं.

भारतातलं मोठं उदाहरण वायुसेनेचं आहे. २०१६ मध्ये वायुसेनेच्या तुकडीने पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावरून 'प्रदक्षिणा' ही मोहीम सुरू केली आणि पॅरामोटरवर देशाभोवती सुमारे दहा हजार किलोमीटरचा फेरा मारला.

लांब पल्ल्याच्या अशा टप्प्यांच्या मोहिमेत पायलट हवेत असतात, पण पेट्रोल, सुटे भाग आणि मदत जमिनीवरून, रस्त्याने सोबत चालते. पॅरामोटर कितीही मोकळा वाटला तरी त्याचा धागा खालच्या रस्त्याला बांधलेला असतो. गडचिरोलीचा विचार करताना हे लक्षात ठेवावं लागेल.

आत्ताच हा विषय का?

याला दोन कारणं आहेत. पहिलं धोरणाचं. जून २०२२ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात अकरा खेळ आहेत. पॅराग्लायडिंग आणि पॅरामोटर हा त्यातला एक. २०३० पर्यंत भारताला हवाई खेळांमधल्या आघाडीच्या देशांत आणायचं, असं उद्दिष्ट त्यात आहे. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारचे उपक्रम त्यात येतात आणि आयोजकांना नोंदणी करावी लागते.

दुसरं कारण गडचिरोलीच्या बदलत्या चित्राचं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. सुरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा पोलाद प्रकल्प, नवे रस्ते, विमानतळाची चर्चा हे सगळं एकाच वेळी सुरू आहे. शेजारच्या चंद्रपुरात ताडोबामुळे देशभरातून पर्यटक येतातच. ज्या भागात रस्ते पोचतात, तिथे मागोमाग पर्यटन येतं. आणि पर्यटन आलं की 'काहीतरी साहसी' करण्याची मागणी येते.

हवेच्या बाबतीत तर हा भाग अव्वल आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या ठिकाणांच्या यादीत हमखास असते. पारा ४५ च्या पुढे सहज जातो. एवढं तापलं की थर्मल भरपूर आणि जोरदार. इंधन वाचवणाऱ्या पायलटला वरकरणी दुसरं काय हवं?

पण इथूनच अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण: उतरायचं कुठे?

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आणि त्यातलं जवळपास ७० टक्के जंगलाखाली. राज्यात एवढं जंगल दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नाही. चंद्रपूरचा साधारण एक तृतीयांश भाग जंगलाचा.

आपला पंख इंजिनाशिवाय एक मीटर उंचीमागे साधारण साडेसात मीटर पुढे जातो. समजा आठ किलोमीटर रुंदीचा जंगलाचा पट्टा ओलांडायचा आहे. बरोबर मध्यावर इंजिन बंद पडलं तर दोन्हीकडची मोकळी जागा चार किलोमीटरवर. म्हणजे त्या क्षणी कमीत कमी ५३५ मीटर उंची हवी. समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने पुढे जाणं निम्म्यावर येतं आणि लागणारी उंची दुप्पट होते, म्हणजे हजार मीटरच्या वर.

एवढी उंची गाठायला पेट्रोल जाळावं लागतं. आणि पेट्रोल तर मोजून दिलेलं आहे. म्हणजे सुरक्षित राहायचं तर इंधन खर्च करा आणि जिंकायचं तर उंचीत काटकसर करा, असे दोन उलटे हिशेब पायलटच्या डोक्यात चालतात. मोकळ्या शेतांच्या मुलखात हा तिढा गुणांपुरता असतो. चुकलं तर कुणाच्या तरी शेतात उतरायचं, मोटरसायकलवर बसून परत यायचं. आलापल्ली ते भामरागड या साठ-पासष्ट किलोमीटरच्या जंगलपट्ट्यात तो जीवाचा असतो. सागाच्या शेंड्यावर अडकलेल्या माणसाला पंचवीस-तीस मीटरवरून खाली उतरवायला कोण, कुठून आणि किती वेळात येणार?

मोबाइलची रेंज नसलेली गावं या भागात अजून आहेत. जीपीएसवर जागा दिसली तरी ती कळवता आली पाहिजे.

उन्हाचंही तसंच. बेचाळीस अंशांना हवा पंधरा अंशांच्या तुलनेत आठ-नऊ टक्के विरळ होते. पळण्याचं अंतर वाढतं, पंखा कमी जोर देतो. मे महिन्याच्या दुपारचे झोत इतके उग्र असतात की ते कापडी पंख एका बाजूने दुमडून टाकू शकतात. त्यामुळे शहाणे पायलट उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच उडतात. म्हणजे ज्या फुकटच्या उंचीसाठी हा मुलूख चांगला, तीच इथे सगळ्यात धोक्याची.

दुसरी अडचण: खाली वाघ आहे

मग शेतांच्या भागात उडता येईल का? सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज हा धानाचा पट्टा. कापणी झाल्यावर मोकळ्या बांद्या मैलभर पसरलेल्या असतात.

पण चंद्रपूरचे वाघ ताडोबाच्या हद्दीत बसून राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात, व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ते शेताच्या कडेने वावरतात. मोहफुलं आणि तेंदूपानांच्या हंगामात जंगलात गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, ही दरवर्षीची बातमी आहे. पेट्रोल संपलं म्हणून संध्याकाळी अनोळखी बांदीत उतरलेला, वीस-तीस किलोचं यंत्र पाठीवर घेतलेला पायलट तिथे पाहुणा नसतो, अडचणीतला माणूस असतो. आणि त्याला शोधायला निघणारे वनरक्षक आणि गावकरी हेही माणसंच असतात.

कायद्याचा भागही आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे १,७०० चौरस किलोमीटर. त्याभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१९ मध्ये अधिसूचित झालं. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये हॉट एअर बलून, हेलिकॉप्टर, ड्रोन, मायक्रोलाइट यांनी वरून उडणं हे 'नियंत्रित' कामांच्या यादीत असतं. म्हणजे सरसकट बंदी नाही, पण परवानगीशिवाय नाही. मध्य प्रदेशात बांधवगडच्या बफर क्षेत्रात २०२० च्या अखेरीस बलून सफारी सुरू झाली, तेव्हाही वन्यजीवांना त्रास किती, हा वाद झालाच होता. बलून निदान बराचसा शांत असतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज दीड-दोन किलोमीटरवर ऐकू जातो.

आणि गिधाडं? गडचिरोलीत ती वाचावीत म्हणून वनविभागाने 'गिधाड उपाहारगृहं' चालवली, म्हणजे ठरलेल्या जागी औषधमुक्त मृत जनावरं ठेवायची. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबात आणली गेली. डायक्लोफिनॅकने जवळपास संपवलेला हा पक्षी ज्या झोतात घिरट्या घालतो, नेमका तोच झोत पॅरामोटरवाला शोधत असतो. आकाश रिकामं दिसतं, पण त्यातल्या वाटा आधीच कुणाच्या तरी आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये साशा डेंच ही पर्यावरण कार्यकर्ती रशियाच्या उत्तरेपासून ब्रिटनपर्यंत बेविक हंसांच्या स्थलांतराच्या वाटेवर पॅरामोटरने उडाली, वाटेतल्या गावांशी बोलली. म्हणजे हे यंत्र वन्यजीवांचं शत्रूच असतं असं नाही. कोण, कधी, किती उंचीवरून आणि कशासाठी उडतं, यावर ते ठरतं.

तिसरी अडचण: सुरक्षा

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात मोटरवरचे पॅराग्लायडर वापरले. ६ ऑक्टोबर २०२५ ला म्यानमारच्या सागाईंग भागात सण आणि निदर्शनासाठी जमलेल्या गर्दीवर लष्कराच्या पॅरामोटरमधून बॉम्ब टाकले गेले आणि वीसहून अधिक लोक मेले. स्वस्त यंत्र, थोडं पेट्रोल आणि धावपट्टीची गरज नाही. खेळासाठी जे गुण आहेत, तेच तिथे हत्यार झाले.

त्यामुळे मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असलेल्या मनाई आदेशांमध्ये ड्रोनच्या जोडीला पॅराग्लायडर, मायक्रोलाइट आणि हॉट एअर बलूनचीही नावं असतात. गडचिरोली तर कित्येक दशकं संघर्षाचं क्षेत्र राहिलेलं. तिथे पोलिसांची हेलिकॉप्टर आणि ड्रोन उडतात. त्याच आकाशात स्पर्धा घ्यायची तर जिल्हाधिकारी, पोलीस, वनविभाग आणि हवाई वाहतुकीची यंत्रणा या सगळ्यांची परवानगी एकाच दिवसासाठी आणि एकाच उंचीसाठी जुळावी लागेल.

शिवाय सामान्य माणसाचाही विचार हवा. ज्या गावांनी आकाशातला घरघराट म्हणजे हेलिकॉप्टर आणि हेलिकॉप्टर म्हणजे काहीतरी घडलंय, असंच वर्षानुवर्षं पाहिलं, तिथे डोक्यावरून सत्तर मीटरवर जाणारा अनोळखी माणूस ही गंमत असेलच असं नाही.

चौथी बाजू: विचारायचं कुणाला?

परवानग्यांच्या यादीत एक नाव सहसा विसरलं जातं. ग्रामसभा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो गावांनी हा हक्क मिळवला. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतो.

आकाशावर ग्रामसभेचा हक्क आहे असं कायदा म्हणत नाही. पण टेकऑफचं मैदान, पेट्रोल संपल्यावर उतरण्याची जागा, शोधायला निघणारी माणसं, सगळं जमिनीवरचं आहे. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला अख्खं गाव जंगलात असतं, तेव्हा स्पर्धा घ्यायची का, हे मुंबईतल्या आयोजकापेक्षा त्या गावाला जास्त कळतं. पैसे मिळणार असतील तर त्यातला वाटा कुणाचा, हाही प्रश्न तिथलाच.

मग काय, विषय संपला?

तसं नाही. या दोन जिल्ह्यांना मोकळी जागाही आहे. उन्हाळ्यात वैनगंगेचं पात्र आटतं आणि रुंद वाळू उघडी पडते. वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. तिथली पात्रं तर आणखी विस्तीर्ण. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. हिवाळ्यात, धान निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हवा शांत असते.

पण अशा ठिकाणी स्पर्धा घ्यायची तर नियम इथल्या मुलखाला बघून लिहावे लागतील. ते अवघड नाहीत. उड्डाणाचं क्षेत्र जंगलाच्या कडेपासून दूर, मोकळ्या शेतांच्या किंवा पात्राच्या वर आखायचं. मोजलेल्या पेट्रोलखेरीज वेगळ्या सीलबंद टाकीत राखीव पेट्रोल द्यायचं. ते वापरलं तर गुण जातील, पण माणूस परत येईल. ठरलेल्या उंचीच्या खाली इंजिन बंद करायला मनाई करायची. मोबाइलवर विसंबून न राहता प्रत्येकाला रेडिओ द्यायचा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी सगळे जमिनीवर हवेत. गिधाडांची घरटी आणि उपाहारगृहं नकाशावर आधीच लाल करून ठेवायची. आणि शोधपथकात पैसे देऊन स्थानिक माणसं घ्यायची. फुकटची मदत गृहीत धरायची नाही.

यातली एकही गोष्ट पाळणं जमणार नसेल, तर स्पर्धा दुसरीकडे घेतलेली बरी. राज्यात मोकळे माळ कमी नाहीत.

साहसी पर्यटनाच्या चर्चेत बहुतेक वेळा विचारलं जातं, 'इथे हे करता येईल का?' यंत्राचं उत्तर नेहमीच 'हो' असतं. पॅरामोटर कुठूनही उडतो. इंधन-स्पर्धेतला जाणता पायलट मात्र उडण्याआधी वेगळाच प्रश्न विचारतो, की आत्ता इंजिन बंद पडलं तर मी कुठे उतरेन? उत्तर सापडलं नाही तर तो जमिनीवरच थांबतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत नवं काही आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो खेळ असो, रिसॉर्ट असो की विमानतळ, हाच प्रश्न आधी विचारायला हरकत नाही. पैसे, परवानगी किंवा उत्साह मध्येच संपला, तर हे सगळं कुणाच्या शेतात उतरणार आहे?